समानार्थी शब्द, दोन गुण

लीड्सहून आलेलं पत्र घेऊन
हमजाभाई शिकलगार शाळेच्या फाटकात उभे.
मिरजेत इंग्रजीच्या बाई पुष्कळ,
पण त्यांच्या दुकानावरून घरी जाणारी मी एकटीच.

तंबोरा दोन वर्षांमागे इथूनच गेलेला.
त्या बाईंनी लिहिलंय, आवाज डल झालाय.
डल म्हणजे?
मी वर्गातल्यासारखी सुरू झाले :
मंद, निस्तेज, बोथट, कंटाळवाणा.
त्यांनी कानस खाली ठेवली.
"मंद पोरगं. निस्तेज कापड. बोथट सुरी.
तंबोऱ्याला काय झालंय ते सांगा."
पत्र पुन्हा वाचलं. हिवाळा, हीटर, बंद खोली.
"बसलाय," मी म्हटलं. "आवाज बसलाय."
"हां," ते म्हणाले,
आणि स्वतःचाच घसा खाकरला.

मग उत्तर.
घोडीला मी ब्रिज लिहिलं.
ब्रिज म्हणजे कृष्णेवरचा?
तोच शब्द.
"म्हणजे तार पुलावरून जाते. बरं.
पाणी चढलं की तो पण बंद होतो."

रिपेअर, मेंड, फिक्स, रिस्टोअर.
वीस वर्षं हे चौघे मी फळ्यावर
एकाच महिरपी कंसात कोंबले.
रिपेअर सायकल होते. मेंड, उसवलेलं.
फिक्स म्हटलं की भिंतीतला खिळा, नाहीतर मॅच.
रिस्टोअर बरा होता,
पण त्याला संग्रहालयाचा वास.
"जवारी मिटलीय," ते म्हणाले. "खोलायची. खोलायची लिवा."
ओपन.
सातवी ब मधल्या गौतमी ऐवळेनं
दिवा ओपन केला होता एकदा, निबंधात.
मी अर्धा गुण कापला.

शेवटी तो दोरा.
तारेखाली, घोडीवर, बोटभर सूत.
केसाएवढं पुढे, केसाएवढं मागे,
मग एका जागी ते थांबले
आणि दुकानातला तंबोरा भरून आला.
याला जीव म्हणतात.
"लिवा, जीव सोबत पाठवतोय. जुना काढून हा घाला."

लाइफ. सोल. स्पिरिट.
पेन प्रत्येकावर टेकवलं, उचललं.
पत्राखाली कुरिअरचा फॉर्म होता,
पार्सलमध्ये काय आहे, असा रकाना.
मी दोन्हीकडे तेच लिहिलं :
कॉटन थ्रेड, चार नग.

"लिवलं जीव?"
"लिहिलं."