पिशवी

सामना संपला की गेथिन दारात पिशवी टाकतो.
हरले असतील तर तसाच जातो,
जिंकले असतील तर चहा घेतो, बिस्किटं संपवतो.
एकोणीस वर्षं मी क्लबच्या जर्सी धुते आहे.
मैदान वर, जुन्या खाणीच्या ढिगाऱ्याखाली;
माझे गुडघे तो चढ मानत नाहीत.
पण न बघताही मला सामना कळतो.

दोन नंबर: गळ्याशी चिखल, कॉलरवर रक्ताचा ठिपका.
हा स्क्रममध्ये मान घालतो आणि काढत नाही.
पंधरा: छातीवर गवताचा हिरवा पट्टा.
पडला, पण चेंडू घेऊनच पडला.
नऊ: नुसत्या बाह्या. मॅक्सेन नाक पुसतो, बाकी काही नाही.

सोळा वर्षांखालच्यांची पिशवी
यंदा हलकी येते.
सप्टेंबरात बावीस मळक्या,
दिवस लहान झाले तशा अठरा,
मग तेरा.
बाकीच्या माझ्याच घडीत परत.
माझी घडी मी ओळखते.

चौदा नंबर येस्टिनचा.
आठ वर्षांचा होता तेव्हा जर्सी गुडघ्यांखाली लोंबायची,
तरी कोपऱ्यातून असा सुटायचा
की मागे नुसते हात उरायचे.
मग एका उन्हाळ्यात बाकीच्यांना मिसरूड फुटलं, खांदे आले,
हा होता तेवढाच राहिला.
आणि बाप कठड्याला टेकून ओरडायचा,
ते माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचं.

शनिवारी त्याला सुपरमार्केटात काम लागलं
तेव्हा क्लबात म्हणाले, पैसा दिसला की पोरं सुटतात.
मी दूध तिथूनच घेते.
तीसेक ट्रॉल्यांची रांग
खांदा लावून एकटा ढकलत होता.
"छान ढकलतोस," मी म्हटलं.
हसला. मग हसू आवरलं.
"इथे कुणी ओरडत नाही, डेलिथ."

समितीची बैठक झाली.
पोस्टर लावू. पिझ्झा ठेवू. नव्या जर्सी घेऊ.
मी म्हटलं, आधी आहेत त्या मळू देत.
कुणी हसलं नाही.

त्या रात्री गेथिन आला, पिशवीशिवाय.
एवढा आडदांड माणूस खुर्चीच्या टोकावर बसला.
"कुठे चुकलं?"
मी बादलीत हात घालून होते.
म्हटलं, रक्ताचा डाग गरम पाण्यात घातला की कायमचा बसतो.
थंड पाणी लागतं. वेळ लागतो.
पोरांना विचारलंस का कुणी?

मग तो दारोदार फिरला.
"येतोस का" नाही, "का थांबलास" एवढंच विचारत.
एकाच्या डोक्याला मार लागला होता, आईला झोप येत नव्हती.
एकाची परीक्षा.
एक म्हणाला, राखीव म्हणून सात सामने बसलो, पाय गोठले.
रिसने दार उघडलंच नाही.
आणि एक, तोच गेथिनला सगळ्यात लागला:
"मी गेलो हे तुम्हाला कळलं होतं?"

आता सामना बुधवारी असतो, दिव्यांखाली.
पालकांसाठी दोरी बांधली आहे, चांगली लांब.
माणसं कमी पडली तर दरीपलीकडचा क्लब
आपली दोन पोरं उसनी देतो.
ज्यांच्याशी आमची सात पिढ्या बोलाचाल नव्हती
त्यांचा चिखल मी धुते.
चिखलच तो, वेगळा कसा असेल.

सगळं जमलं असं नाही.
काल पिशवीत चौदा मळक्या होत्या,
रिसची अजून माझ्याच घडीत.
पण चौदा नंबरवर खांद्यापासून कमरेपर्यंत माती,
आणि आत गुंडाळून राहिलेला एक बिल्ला,
कामावरून तसाच धावत आला असणार:
"मी येस्टिन. मी आपली काय मदत करू?"

जर्सी थंड पाण्यात घातली.
बिल्ला पुसून खिडकीत ठेवला.
शनिवारी दूध आणायला जायचंच आहे.