चव्वेचाळीस-अठरा

सोसायटीच्या फळ्यावर नोटीस होती:
पंधरा दिवसांत न्या, नाहीतर सगळ्या सायकली भंगारात.
सोळाव्या दिवशी मी जिन्याखाली वाकले
आणि त्यातली एक, मानेला धरून, बाहेर ओढली.
एकवीस गिअर. दोन्ही टायर बसलेले.
सीटखाली पालीच्या अंड्यासारखं
पांढरं, गोल, वाळलेलं च्युइंग गम.

चेंदणीत नाखवाचं दुकान म्हणजे अर्धं शटर,
पंप बाहेर, बाकी सगळं आत अंधारात टांगलेलं.
"गिअर काढून टाक," मी म्हटलं.
"बसवतात लोक, मढवीबाई. काढत नाही कुणी."
"मला गिरणी, भाजी, बँक, शनिवारी कोपरीला बहीण.
यात एकवीस कुठे लागतात?"

बत्तीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये
मी दुसऱ्यांनी कापलेलं लोखंड मोजलं.
व्हर्निअर अजून पर्समध्ये असतो, कंगव्याच्या शेजारी.
पुढे चव्वेचाळीस दाते, मागे अठरा,
हिशोब लाइट बिलाच्या पाठीवर:
एका पायडलात पाच मीटर, वर थोडं.
गिरणीपर्यंत एकशे वीस पायडलं.
वाटेत एक कुत्रा आहे,
तो हिशोबात धरलेला नाही.

गिअर गेले तशी चेन लोंबायला लागली.
नाखवाने एक कडी काढली: ताठ.
परत घातली: सैल.
डब्याचा तळ उपसून
त्याने कुठूनशी अर्धी कडी काढली, फुंकर मारली.
मग चेन तिरकी पळायला लागली.
मी व्हर्निअर लावला: दोन मिलिमीटर आत.
त्याने एक डोळा मिटून मागून पाहिलं.
"दोन," म्हणाला,
आणि वॉशर शोधायला गेला.
तो डोळा कुणी तपासून दिला होता कोण जाणे.

सगळे मिळून नऊशे चाळीस.
काढलेले गिअर पिशवीत घालून हातात दिले,
भंगारवाल्याने त्यांचे बत्तीस रुपये दिले.
मी ते दोनदा मोजून घेतले.

शनिवारी कोपरीच्या पुलावर
अर्ध्या चढाला मांड्यांनी नाही म्हटलं.
उतरले. सायकल शेजारून चालली, बकरीसारखी.
रिक्षावाला हळू झाला: "काकू, पंक्चर?"
"नाही रे. पहिला गिअर."

गुरुवारी लिफ्टपाशी टिपणीस वहिनी.
माझ्या कॅरिअरवर दळण, हँडलला मेथी.
"ही आमच्या ओजसची."
त्यांचं बोट नळीखाली गेलं, सरळ एका खड्ड्यावर;
तो खड्डा मी मोजलाच नव्हता.
"उपवनला आपटला होता, सातवीत."
ओजस आता मेलबर्नला असतो.
"न्या ना मग," मी म्हटलं,
घशाशी नऊशे चाळीस आले.

त्यांनी पायडल उलटं फिरवलं.
फ्रीव्हील टिकटिकत राहिलं,
त्या ऐकत राहिल्या.
"गिअर कुठे गेले?"
"भंगारात."
"बरं झालं. सारखी चेन उतरायची मेली.
काळे हात घेऊन यायचा, आणि दार उघडायला मला हाक."
लिफ्ट आली, रिकामीच वर गेली.
"उद्या बाजारात जाशील तर
सहा लिंबं आण. पातळ सालीची."

जांभळी नाक्यापर्यंत दोनशे दहा पायडलं.
साल पातळ आहे का बघायला
पर्स उघडली, पुन्हा बंद केली.
अंगठ्याने दाबून पाहिलं एकेक.
"दाबू नका हो ताई," भाजीवाली ओरडली,
"बघून कळतं."