पार्सल ऑफिसातला माणूस बॅग भरतो

शालनचा उजवा हात प्लास्टरमध्ये,
म्हणून हे काम माझ्याकडे आलं.
ती पलंगावर बसून डाव्या हाताने दाखवते,
ते नाही हो, ते दुपटं. हे अंगडं. ती कुंची.
छत्तीस वर्षं बडोदे स्टेशनच्या पार्सल ऑफिसात काढली,
नुसती गाठ बघून सांगायचो
पेटी आणंदची की डभोईची,
आणि चौसष्टाव्या वर्षी कळतंय
की कुंची पाठीवर लोंबते
आणि टोपडं लोंबत नाही.

कारेलीबागेतल्या दवाखान्याने यादी दिली आहे, गुजरातीत.
फाइल, सोनोग्राफीचे कागद, आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स,
पुढून उघडणारे गाऊन तीन,
पॅड मोठे, पाकिटं दोन.
इथे मी चष्मा काढून पुसला.
शालन म्हणाली, ठेवा मुकाट्याने.
ठेवली. मोजली. दोन.

बाळाचं नवं काही आधी आणायचं नसतं.
शेजारच्या कंचनबेननी कठड्यावरून गाठोडं दिलं,
त्यांच्या नातवाचं,
धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं.
झभलां छे, त्या म्हणाल्या.
झबली आहेत, शालन म्हणाली.
मी मधे उभा, दोन्ही भाषांत अडाणी,
हातात बोटभर बाही.

वैजू आतल्या खोलीत कुशीवर झोपली आहे.
पाय सुजलेत. अंगठी काढून माझ्याकडे दिलीये,
ती शर्टाच्या खिशात, पेनच्या शेजारी.

तिच्या वेळी मी नव्हतो.
मे महिना, आंब्याचा सीझन, वलसाडच्या पेट्या,
फलाटावर पाय ठेवायला जागा नाही, रात्रपाळी.
निरोप आला तेव्हा
एका फुटलेल्या पेटीचा पंचनामा लिहीत होतो.
पूर्ण लिहिला. सही केली.
खाली तारीख घातली. मग निघालो.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हाची बॅग कुणी भरली, काय होतं तिच्यात,
आज पहिल्यांदा विचारलं.
बॅग कुठली, शालन म्हणाली,
तुमच्याच ऑफिसच्या गोणपाटाची पिशवी शिवली होती.
कितीही धुतलं तरी शिक्का गेला नव्हता.
कळ आली की वाचायचे, बडोदे ते भरूच.
फारच आली की उलटं,
भरूच ते बडोदे.
आणि थर्मासचं झाकण घट्ट लावा, मागच्या वेळी सांडलं होतं.

झाकण घट्ट लावलं.
थोडा वेळ लावतच राहिलो.

उद्या उतराण. गच्च्यांवर आत्तापासून स्पीकर,
विजेच्या तारांवर मांजा.
जावई सुरतेहून मोटरसायकलने येतो म्हणाला.
त्याला फोन केला.
हँडलला तार लाव, गळ्याला मफलर बांध,
नाहीतर सरळ गाडीने ये, पण आजच ये.
बाबा, ऑडिट चालू आहे, तो म्हणाला, एक रिपोर्ट तेवढा संपवतो.
अर्धा असू दे, मी म्हटलं.
काय?
अर्धा लिहिलेला असू दे.
इतक्या मोठ्याने म्हणालो असेन
की पलंगावरून शालनने मान वळवून पाहिलं
आणि काही बोलली नाही.

चेन लागत नव्हती. सवयीने दोरी शोधायला लागलो
तर हसली, म्हणाली, बुकिंग करताय का?
वजन विचारलं तिने, गंमत म्हणून.
उचलून पाहिलं आणि सांगितलं,
सव्वापाच किलो.
काट्यावर घातली असती तर तेवढीच भरली असती,
एवढं मला येतं.

रात्री उठलो. दाराशी बॅग.
चेन हळूच उघडली, कुंची होती.
पुन्हा उठलो साडेतीनला.
चेनचा आवाज झालाच.
आहे हो, अंधारातून शालन म्हणाली,
झोपा.