डब्यावरची बाई

अननसाच्या डब्यावर एक बाई आहे, कानामागे फूल खोचलेली,
तिच्यामागे निळंशार पाणी, आणि पायांशी ठळक अक्षरांत:
पॉलिनेशियन चिकन. कृती मागच्या बाजूला.

कालोलाइने वाचते, ओळीखाली बोट सरकवत.
नऊ वर्षांची आहे, भरभर वाचता येतं,
म्हणून आज ओट्यावर राज्य तिचं.
बाहेर सकाळपासून बर्फ पडतोय,
छपरांची कामं मार्चपर्यंत बंद, म्हणून मी घरात.
आना दवाखान्यात, रात्रपाळीला दिवसपाळी जोडून.

"पप्पा, ही बाई कुठल्या बेटावरची?"
मी निरखून बघतो. सांगता येत नाही.
लाटूकाका चष्मा कपाळावर ढकलतात,
चाळीस वर्षं वावाऊच्या पाण्यात जाळी टाकलेला माणूस.
"कुठल्याच नाही. दात बघ तिचे.
छापखान्यात जन्मलीय ती."

अर्धा कप सोया सॉस, कालो हुकूम सोडते.
सेमिसी ओततो पाऊण.
फिने चकत्या मोजते: एक, दोन, चार.
तिसरी केव्हाच पोटात.
मी कोंबडीच्या तंगड्या पुसतोय,
हात कौलं ठोकायला सरावलेले,
इतकी मऊ वस्तू धरायची कशी, हेच कळत नाही.

"आमच्याकडे असं नव्हतं," काका म्हणतात
आणि मग थांबत नाहीत.
खड्डा खणायचा. लाकडं पेटवायची.
दगड लाल झाले की त्यांवर ठेवायच्या
अळूच्या पानांत बांधलेल्या पुरचुंड्या,
आत कोंबडी, कांदा, नारळाचं घट्ट दूध,
वर केळीची पानं, वर माती, आणि मग चर्च.
देव आणि कोंबडी, दोघांनाही घाई नसायची.

सेमिसी कधी उठला, कळलंच नाही.
खिडकीतून दिसला:
पायजम्यावर माझा कोट चढवून, बर्फाच्या फावड्यानं
अंगण खणतोय.
जमीन दगड झालेली, फावडं नुसतं वाजतंय.
आत आणला तेव्हा बोटं लालभडक,
डोळ्यांत पाणी, म्हणाला, थंडीनं आलंय.
मी म्हटलं, हो, थंडीनंच.

फ्रीजरमध्ये अळूची पानं होती,
आनानं ईस्टरसाठी जपून ठेवलेली,
होनोलुलूहून बहिणीनं पाठवलेली, जुन्या वर्तमानपत्रात.
मी तिला विचारायला हवं होतं.
विचारलं नाही.

डब्यातला सॉस, डब्यातला अननस,
त्यात काकांच्या सांगण्यावरून नारळाचं दूध,
तेही डब्यातलंच.
कालोनं पानं पसरली, शिरा खालच्या बाजूला,
फिनेनं मीठ टाकलं, पुन्हा टाकलं,
सेमिसीनं पुरचुंडी बांधली, बुटाची नाडी बांधतो तशी.
वरून फॉइल, मग ओव्हन.
"तीन तास," काका म्हणाले, "आधी खाल्लं तर घसा खाजेल."
दोन तासांनी सेमिसीनं चोरून तुकडा तोडला.
खाजला. कुणी काही बोललं नाही,
कालोनं फक्त पाण्याचा पेला पुढे सरकवला.

जेवणाआधीची प्रार्थना काकांनी लांबवली,
मासे झाले, वादळं झाली, गेलेली माणसं झाली,
फिनेचा एक डोळा आमेनपर्यंत उघडा, ताटावर.
आणि चव?
गोड होती. जरा जास्तच.
पानाचा तो काळपट, ओला वास मधूनच यायचा,
गर्दीत ओळखीचा माणूस दिसावा, आणि वळेपर्यंत नसावा, तसा.
काकांनी दोनदा वाढून घेतलं.
"ही आपली नव्हे," म्हणाले, बोटं चाटत.

साडेअकराला आना आली, केसांत बर्फ घेऊन.
मुलं सोफ्यावर, एकमेकांवर पसरलेली.
उभ्या उभ्याच तिनं गार पुरचुंडी सोडली, एक घास खाल्ला,
मग फ्रीजर उघडून बघितला,
मग माझ्याकडे.
मी ओट्यावरचा डबा धुवायला घेतला.

बाईचे दोन दात कुणीतरी पेनानं काळे केले होते.
"मुलांनी?" तिनं विचारलं.
खुर्चीत लाटूकाका गाढ झोपल्यासारखे,
आणि खिशाला पेन.