चार मिनिटं

तिसऱ्या मजल्यावर एसी अठरावर.
बाहेर मिहानच्या डांबरात
दुपारचे सेहेचाळीस अजून निजले नाहीत.
माझ्या रांगेत एकतीस तिकिटं लाल,
आणि पोटात
साडेनऊला गिळलेला अर्धा समोसा,
मशीनची चौथी कॉफी,
ह्यूस्टनमधल्या एका माणसाचा आवाज
जो पचत नाही.

मागच्या महिन्यात छातीत धडधडलं
म्हणून धंतोलीत डॉक्टरांकडे गेलो.
हृदय ठीक आहे, म्हणाले,
बी-बारा एकशे दहा, डी अकरा.
"एवढं ऊन नागपुरात, तुम्ही राहता कुठे?"
मी पूर्ण पत्ता सांगितला,
पिनकोडसकट.

कंपनीनं वेबिनारही ठेवला होता, ताण आणि आहार.
बंगळुरूची एक बाई ॲव्होकॅडोबद्दल बोलली.
आम्ही त्रेसष्ट जण म्यूटवर,
चिवड्याची पाकिटं फोडत.

सुकेशिनी मेश्राम माझ्या डावीकडे बसते.
नारी रोडहून येते,
टेबलावर ओल्या फडक्यात गुंडाळलेला
फिरकीचा डबा ठेवते.
दीड वर्षात मी विचारलं नव्हतं
त्यात काय असतं.

त्या रात्री पेमेंट गेटवे पडला.
कॉलवर अकरा जण,
त्यातले नऊ नुसतं "एनी अपडेट?" विचारायला.
माझी बोटं माझ्याशिवाय टाइप करत होती.
भलत्याच सर्व्हरला रीस्टार्ट देणार
एवढ्यात तिनं माझ्या कीबोर्डवर
डब्याचं झाकण ठेवलं,
स्टीलचं, गार, घाम सुटलेलं.
"काहून मरून राह्यला बे? आधी हे पी."

ज्वारीची अंबील.
ताक, जिरं, ठेचलेला लसूण,
तळाशी कांदा.
जिभेला आधी आंबट कळलं,
मग मीठ,
मग बऱ्याच मागाहून
भूक.
भूक होती ती!
आणि मी तिला इतके महिने
भीती समजत होतो.

कॉलवर कोणी माझं नाव घेतलं.
चार मिनिटं द्या, मी म्हणालो.
आणि ह्यूस्टन थांबलं.
थांबतं ते,
हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"पहिल्या कंपनीत बाथरूममधी पडली होती मी,"
स्क्रीनवरची नजर न काढता ती म्हणाली,
"हिमोग्लोबिन सात.
तवापासून घरीच आंबवतो.
पीठ आदल्या दिवशी भिजवा लागते ना.
म्हणजे उद्या आपण आहो
असं धरूनच चाला लागते."
मग लगेच, "लॉग पाह्य, डिस्क भरली हाय."

डिस्कच भरली होती.
पाच दहाला गेटवे उठला.
आभाराच्या मेलमध्ये तिचं नाव नव्हतं.
तिनं डबा विसळला, उताणा वाळत ठेवला.

कॅबमधून मी छत्रपती चौकात उतरलो.
तर्रीपोहे घेतले, चणे जास्त,
आणि ठेल्याच्या सावलीबाहेर
बाह्या वर करून उभा राहिलो,
डॉक्टरांचं देणं फेडत असल्यासारखा.

यानंतर मी बदललो वगैरे नाही.
पीठ भिजवायला दोनदा विसरलो.
तिसऱ्यांदा इतकं आंबलं
की शेजारच्या हेडाऊकाकूंनी विचारलं, उंदीर मेला का?
ते मी नाक धरून प्यालो.

आज पुन्हा शिफ्ट.
रांगेत एकोणतीस लाल.
घरी ओट्यावर, ताटलीखाली,
पीठ
आपल्या गतीनं
बुडबुडे सोडत असेल.