निनावं

शनिवारी सकाळी दहाला बेल वाजते.
हेमलता मथुरे, वय चौऱ्याहत्तर,
चरईतून कोलशेतला शेअर रिक्षानं,
पुढचं चालत.
पिशवीत दोन नारळ,
जांभळी नाक्याच्या त्याच दुकानातला गूळ, साधा, चिकीचा नाही,
आणि धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळलेली
पितळी वाटी.

वाटीसाठी येतात त्या.
पहिल्या वर्षी मीच फोन केला होता,
निकाल लागून चार महिने झाले होते,
की चण्याचं पीठ किती आणि कणीक किती.
"वाटीनं एक, आणि अर्धी."
कुठल्या वाटीनं?
बराच वेळ फोनवर नुसता
त्यांच्याकडचा पंखा ऐकू येत राहिला.
"घेऊनच येते."

मी जळगावची. आमच्याकडे श्रावणात
असलं काही नसतं. लग्नानंतर पहिल्यांदा पानात पडलं
तेव्हा मला ती करपलेली बर्फी वाटली,
तसं मी बोललेही.
पंगतीत एकट्या ह्याच हसल्या होत्या.

पीठ तुपावर भाजताना त्या घड्याळ बघत नाहीत,
नाक पुढे करतात.
"कच्चं आहे."
"अजून."
मग नुसतं "हं."
नारळाचं दूध मिक्सरमध्ये काढलेलं चालतं,
खोक्यातलं नाही. एकदा आणलं होतं मी,
त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला.

गूळ विरघळतो, मिश्रण फुटफुटतं,
मनगटाला चटका देतं. हात थांबवायचा नाही.
गुठळी एकदा झाली की
नेमकी पाहुण्याच्याच घासात येते.
घोटता घोटता विषय निघतोच,
अमोघची बदली, अमोघची पाठ,
अमोघ परत
इथे त्या जायफळ किसायला घेतात.
मला राग येत नाही,
हे मला दर वर्षी नव्यानं कळतं.

कडा सुटल्या की तूप लावलेल्या ताटात.
पूर्वी वर-खाली निखारे असत.
आता माझा ओव्हन, त्याच्या काचेपुढे
खुर्ची ओढून बसतात
पोलिसासारख्या.
पाऊण तास. तेवढ्यात बिरड्याचे वाल सोलायचे,
मोड आलेले, कोमट पाण्यात.
चिमटीत दाबलं की डाळिंबी सुटते,
एखादी उडून फ्रिजखाली जाते.
दोघींनाही वाकवत नाही.
राहू दे, म्हणतो.

मागच्या वर्षी समोरची जिग्ना विरजण मागायला आली.
"ह्या तुमच्या कोण?"
मी "ह्या ना..." पर्यंत पोचले.
त्या म्हणाल्या, "मी वाटी घेऊन येते."
जिग्नाला तेवढं पुरलं.
भांडीवाल्या समजली असावी.

एक गोष्ट मी सांगितलेली नाही.
दुसऱ्याच वर्षी, त्या हात धुवायला गेल्या असताना,
मी वाटीभर पीठ काट्यावर ठेवलं होतं.
एकशे अडतीस ग्रॅम.
कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीनं लिहून ठेवलं,
शेजारी गूळ, शेजारी तूप.
तेव्हापासून वाटीची गरज नाही.

आज किसणी शोधताना त्यांनीच ते दार उघडलं.
चष्मा कपाळावरून खाली आला.
ओळ वाचली, बोटानं पुढची वाचली.
मी ओट्याकडे तोंड करून
पुसलेला ओटा पुसत राहिले.
"गूळ कमी लिहिलायस," त्या म्हणाल्या,
आणि दार लावून घेतलं.

निनावं बाहेर आलं. वर तांबूस,
मधोमध एक बारीक भेग.
अर्धं त्यांच्या डब्यात. घरी ते कोण खातं,
मी विचारत नाही.
डबा दिवाळीत परत येतो, खाजाचे चार कानवले घालून,
कुरिअरनं, पाठवणाऱ्याचा रकाना कोरा.

वाटी धुतली, कोरडी केली,
फडक्याच्या चारी कडा एकेक करून दुमडल्या.
चपला घालताना दाराला हात टेकून म्हणाल्या,
"पुढल्या वर्षी श्रावण उशिरा आहे.
मी बघून ठेवलंय."