चोडणची मानस

ओहोटीला दार उघडायचं, भरतीला लावायचं.
मधल्या वेळात या फळीवर बसून
तुझ्याशी बोलते, सायबा.

वीजबिलाच्या पाठीवर नावं आहेत:
पियेदाद. एर्मेलिंद. कुवेतहून फोन न करणारा मिंगेल.
आणि कुस्तोद,
ज्याच्या एका सहीवर अख्खा बांध अडून आहे.

नोकरी मागत नाही, व्हिसा मागत नाही.
तुला काय हवंय ते त्यांना कळू दे,
आणि कळल्यावर
पाय मागे न येवोत. एवढंच.

काल कुस्तोदपाशी आले तेव्हा
सांगूनच टाकलं तुला, सही होऊ देऊ नकोस.
मग गप्प झाले.
ते माझं होतं, तुझं कशावरून?
पुन्हा त्याचं नाव घेतलं,
नुसतं नाव.

पियेदाद म्हणते, रोज तेच काय सांगतेस,
देव बहिरा आहे का?
नाही गं. पण पाणीही रोज येतं,
त्याला कोण म्हणतं, कालच तर आला होतास?

साडेतीन वाजले. खाडी फुगते आहे.
दार लावते.
एर्मेलिंद जागी असेल आता
तापलेल्या लेकराशेजारी.
आज तिच्यापासून.